टीव्हीच्या डब्यावर 'एचडीआर' आहे, पण पडद्यावर आहे का?



धुळ्याचा एक तरुण मित्र चुलतभावाबरोबर टीव्हीचं छोटं दुकान टाकतोय. जागा ठरली, डिपॉझिट दिलं, दोन कंपन्यांच्या डीलरशी बोलणंही झालं. त्याने मला विचारलेला प्रश्न जसाच्या तसा सांगतो: "सर, डीलरचा माणूस म्हणतो सगळ्या मॉडेलमध्ये एचडीआर आहे. गिऱ्हाईकाने विचारलं तर बिनधास्त हो म्हणायचं का?"

व्हिडिओत मी याचं उत्तर दोन मिनिटांत उरकलं, पण ते अपुरं राहिलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येणार आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर असं की, "हो" म्हणू नका. "नाही" पण म्हणू नका. "किती?" हे आधी स्वतः तपासा आणि मगच तोंड उघडा.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. ट्रेनिंग सुरू करण्याआधी तालुक्याच्या गावी एका मित्राच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात माझी भागीदारी होती. २०१९ च्या दिवाळीत एक निवृत्त मास्तर आले. गावात सगळे त्यांना बापू म्हणायचे. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याने सांगितलं होतं की फोर-के एचडीआर टीव्ही घ्या, मी नेटफ्लिक्स टाकून देतो. मी ४३ इंची टीव्ही दाखवला, डब्यावरच्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "बापू, एचडीआर आहे, डोळे झाकून न्या." चार दिवसांनी फोन आला. बापू चिडले की अहिराणीवर येतात. "भाऊ, हाऊ टीव्ही बठ्ठा काया काया दिखस."

मी घरी गेलो. मुलाने सिनेमा लावला होता, कोपऱ्यात एचडीआरचं चिन्हही आलं होतं. आणि चित्र खरंच काळंकुट्ट! माणसाचा चेहरा दिसेना. तोच टीव्ही केबलवर लावला तर लखलखीत. बापू माझ्याकडे बघत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. टीव्हीत बिघाड नव्हता, डब्यावरचं लिखाण खोटं नव्हतं, तरी गिऱ्हाईक फसलं होतं आणि फसवणारा मी होतो.

शेवटी तो टीव्ही परत घेतला. उघडलेला डबा, त्यामुळे पुढे कमी भावात काढावा लागला. पैशाचं सोडा, बापूंच्या गल्लीतून पुढच्या वर्षभर एक गिऱ्हाईक आलं नाही.

मुळात एचडीआर म्हणजे काय

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. एका चित्रात सगळ्यात उजेडाची जागा आणि सगळ्यात अंधाराची जागा यांच्यातलं अंतर म्हणजे रेंज. मे महिन्यात भर दुपारी भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहा. समोरचा पत्रा डोळे दिपवतो, आणि बाकाखालच्या सावलीत झोपलेलं कुत्रंही तुम्हाला दिसतं. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतं. साध्या टीव्हीला ते जमत नाही. पत्रा दाखवायला गेला तर तो नुसता पांढरा डाग होतो, आणि सावली दाखवायला गेला तर ती काळी होते किंवा राखाडी. हे अंतर वाढवून दाखवायचं तंत्र म्हणजे एचडीआर.

पडद्याचा उजेड मोजायचं माप आहे निट. एक निट म्हणजे एका चौरस मीटरवर एक कँडेला, साधारण एका मेणबत्तीइतका उजेड. जुन्या पद्धतीचा साधा कार्यक्रम तयार करताना पांढऱ्याची पातळी १०० निट धरलेली असते. एचडीआर सिनेमा बहुतेक वेळा १,००० निट धरून बनवतात, काही ४,००० धरून. पद्धतीची वरची मर्यादा तर १०,००० निट आहे. आणि आपल्या बाजारातले स्वस्त एलईडी टीव्ही? साधारण २५० ते ३५० निट.

आता गंमत लक्षात घ्या. सिनेमावाला म्हणतो, इथे १,००० निटचा सूर्य दाखव. टीव्हीची ताकद ३०० ची. मग टीव्ही काय करणार? एक तर ३०० च्या वरचं सगळं कापून टाकणार, म्हणजे ढग, पत्रा, दिवा सगळं एकसारखं पांढरं. नाही तर वरच्या सगळ्याला जागा करून देण्यासाठी पूर्ण चित्र खाली ओढणार, म्हणजे चेहरे आणि भिंती काळवंडणार. बापूंचा टीव्ही दुसरं काम करत होता.

त्यात अजून एक खोच आहे. साधा कार्यक्रम १०० निट धरून बनवलेला असला तरी टीव्ही तो आपल्या पूर्ण ताकदीने, म्हणजे ३०० निटपर्यंत फुगवून दाखवतो. म्हणून केबल लखलखीत दिसते. एचडीआरमध्ये मात्र आकडे पक्के असतात, या ठिकाणी इतकेच निट, त्या ठिकाणी तितकेच. तिथे टीव्हीला मनाने फुगवायची मुभा कमी. त्यामुळे दिवसा, उघड्या दाराच्या खोलीत, तोच टीव्ही एचडीआरमध्ये जास्त अंधारा वाटतो. गिऱ्हाईक म्हणतं टीव्ही खराब. खराब नाहीये, दमलेला आहे.

'घेतो' आणि 'दाखवतो' यातला फरक

शेतकऱ्याच्या घरचे असाल तर हे लगेच कळेल. विहिरीला पाणी भरपूर, वर पाच एचपीची मोटर, पण पुढे पाइप एक इंचाचा. पाणी पाइपात शिरतं का? शिरतं. केळीला पुरतं का? नाही.

डब्यावर 'एचडीआर सपोर्ट', 'एचडीआर रेडी', 'एचडीआर कम्पॅटिबल' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की टीव्हीच्या आतल्या चिपला एचडीआरचा सिग्नल वाचता येतो. पाइपात पाणी शिरतं. पडद्याची ताकद किती, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. बाजारात ३२ इंची, साध्या एचडी रेडी पडद्याच्या टीव्हीवरसुद्धा एचडीआर लिहिलेलं सापडेल. ते खोटं नाही, पण त्यावर भरवसा ठेवून जादा पैसे घेणं चुकीचं.

नावांचाही गोंधळ आहे. एचडीआर१० हा २०१५ पासूनचा मोफत, खुला प्रकार. यात सगळ्या सिनेमाला मिळून उजेडाची एकच सूचना असते. डॉल्बी व्हिजन हा परवान्याचा प्रकार, त्यात दृश्यागणिक वेगळी सूचना जाते. एचडीआर१०+ मध्येही तसंच, तो सॅमसंग आणि ॲमेझॉनने २०१७ मध्ये पुढे आणला. म्हणूनच सॅमसंगच्या टीव्हीवर तुम्हाला डॉल्बी व्हिजन शोधून सापडणार नाही. एचएलजी हा बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने प्रसारणासाठी बनवलेला. यातला कुठला चांगला यावर यूट्यूबवर तासन्‌तास भांडणं चालतात. दुकानदाराने त्यात पडू नये. ३०० निटच्या पडद्यावर डॉल्बी व्हिजनचं लायसन लावलं तरी पडदा ३०० निटचाच राहतो. दृश्यागणिक सूचना असल्याने तो थोडा सावरून घेतो, एवढंच.

आणि हो, एक चूक मी दुकानादुकानांत बघितली आहे. डब्यावर डॉल्बीचं चिन्ह दिसलं की सेल्समन सांगतो "डॉल्बी व्हिजन आहे साहेब". नीट वाचा! खाली बहुतेक वेळा 'डॉल्बी ऑडिओ' लिहिलेलं असतं. ते आवाजाचं आहे, चित्राशी त्याचा संबंध नाही.

जळगावच्या सोन्याला आहे, टीव्हीला नाही

आपल्या जळगावच्या सराफ बाजारात लोक बाहेरच्या जिल्ह्यांतून सोनं घ्यायला येतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. तरी सरकारने २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला, आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय विक्री करता येत नाही. गिऱ्हाईक बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकून दागिना खरा आहे का ते बघू शकतं. ९१६ म्हणजे ९१.६ टक्के सोनं. त्यात "सोनं सपोर्ट करतो" अशी भाषा चालत नाही!

टीव्हीच्या एचडीआरला असा सक्तीचा शिक्का नाही. टीव्हीवर बीआयएसचं नोंदणी चिन्ह असतं, पण ते विजेच्या सुरक्षेसाठी. बीईईचे स्टार विजेच्या वापरासाठी. चित्र कसं, हे दोन्ही सांगत नाहीत. यूएचडी अलायन्स नावाच्या कंपन्यांच्या गटाने जानेवारी २०१६ मध्ये 'अल्ट्रा एचडी प्रीमियम' नावाची मोजपट्टी जाहीर केली होती. एक तर १,००० निटपेक्षा जास्त उजेड आणि ०.०५ निटपेक्षा कमी काळं, नाही तर ५४० निटपेक्षा जास्त उजेड आणि ०.०००५ निटपेक्षा कमी काळं. दुसरी अट ओएलईडीसारख्या पडद्यांना डोळ्यासमोर ठेवून होती. ही मोजपट्टी ऐच्छिक होती आणि स्वस्त टीव्हीवर तो शिक्का तुम्हाला दिसणार नाही. पण ते आकडे लक्षात ठेवा, कारण खरा एचडीआर कुठे सुरू होतो याचा अंदाज त्यावरून येतो.

त्या आकड्यांत काळ्याला उजेडाइतकंच महत्त्व दिलंय ते पाहिलंत? इथेच बहुतेक दुकानदार चुकतात. नुसता उजेड वाढवून एचडीआर होत नाही.

एलसीडी पडद्याच्या मागे दिवे असतात, त्यालाच आपण एलईडी टीव्ही म्हणतो. स्वस्त टीव्हीत ते सगळे दिवे एका बटणावर असतात. रात्रीच्या दृश्यात एक चंद्र दाखवायचा असेल तर मागचे सगळेच दिवे पेटणार, आणि आभाळ काळ्याऐवजी राखाडी दिसणार. लग्नाच्या मांडवात सगळ्या माळांना एकच स्विच असल्यासारखं. चांगल्या टीव्हीत मांडवाचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला वेगळा स्विच. जिथे अंधार तिथले दिवे मंद, जिथे चंद्र तिथले जोरात. याला लोकल डिमिंग म्हणतात. भाग जितके जास्त तितकं बरं. मिनी एलईडीमध्ये दिवे फार बारीक आणि भागही जास्त. ओएलईडीमध्ये तर प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून त्याचा उजेड थोडा कमी असला तरी काळं पूर्ण काळं.

माझं मत विचाराल तर लोकल डिमिंग नसलेल्या एलसीडी टीव्हीला गिऱ्हाईकासमोर एचडीआर टीव्ही म्हणूच नये. "एचडीआर चालतो" म्हणा फार तर.

तिसरी गोष्ट रंग. साध्या ८ बिट पडद्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या २५६ छटा, म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख रंग. १० बिटमध्ये प्रत्येकाच्या १,०२४ छटा, एकूण सुमारे १०७ कोटी. डब्यावर '१ बिलियन कलर्स' लिहितात ते हेच. काही पडदे ८ बिटचे असून ठिपके भराभर लुकलुकवून १० बिटचा भास करतात. घरच्या वापराला ते चालतं, त्यावरून गिऱ्हाईकाशी वाद घालू नका.

माल भरण्याआधी तपासायचं कसं

पहिलं काम, पूर्ण मॉडेल नंबर मागा. "अमुक सिरीज" असं चालणार नाही. एकाच सिरीजमध्ये ४३ इंचीला एक पडदा आणि ६५ इंचीला दुसरा, असं सर्रास होतं. ६५ इंचीमध्ये लोकल डिमिंग असेल आणि ४३ मध्ये नसेल. जाहिरात मात्र दोघांची एकच. पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर माहितीपत्रक उघडा आणि तीन गोष्टी शोधा: निट किती, लोकल डिमिंग आहे का आणि पडदा किती बिटचा. सापडलं नाही तर डीलरला व्हॉट्सॲपवर लेखी विचारा. तोंडी नको. माझा अनुभव असा की ज्या कंपनीच्या पडद्यात दम असतो ती निटचा आकडा स्वतःहून मोठ्या अक्षरात छापते, आणि जिथे आकडा लपवलाय तिथे बहुधा सांगण्यासारखं काही नसतं. आणि मोबाइलमधलं लक्स ॲप पडद्यासमोर धरून निट मोजायला जाऊ नका. ते पडणारा उजेड मोजतं, पडद्याची ताकद नाही.

दुसरं, दुकानात लावून बघा. पण आधी टीव्ही 'स्टोअर मोड'मधून 'होम मोड'मध्ये आणा. स्टोअर मोडमध्ये उजेड आणि रंग ताणून ठेवलेले असतात आणि कंपनीचा डेमो व्हिडिओ तर त्या टीव्हीला शोभेल असाच निवडलेला असतो. त्यावरून काही ठरवू नका. वीज बचतीचा मोड आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारा सेन्सरही बंद करा.

मग टीव्हीतल्याच यूट्यूब ॲपमध्ये एखादा फोर-के एचडीआर व्हिडिओ लावा. सेटिंगमधून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू केलं की कोपऱ्यात बारीक अक्षरांची पाटी येते. त्यात 'कलर'च्या ओळीत 'बीटी२०२०' आणि 'एसएमपीटीई२०८४' दिसलं तर एचडीआर सिग्नल आलाय. नुसतं 'बीटी७०९' दिसलं तर तुम्ही साधाच व्हिडिओ बघताय, आणि टीव्हीवर कितीही स्टिकर असोत, परीक्षा अजून सुरूच झालेली नाही. ही झाली 'घेतो का' ची परीक्षा.

'दाखवतो का' यासाठी शटर अर्धं ओढा आणि दिवे बंद करा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं किंवा रात्रीच्या आकाशातले फटाके असलेलं दृश्य लावा. काळं खरंच काळं आहे की राखाडी? अक्षरांभोवती धुरकट वलय येतं का? मग ढगांचं दृश्य लावा. ढगांच्या पांढऱ्यात घड्या दिसतात की सपाट चुना फासल्यासारखं दिसतं? सूर्यास्ताचं आभाळ बघा. रंग सरळ उतरत जातो की पायऱ्या पायऱ्या दिसतात? शेजारी एक महागडा, चांगला टीव्ही लावून एकाच वेळी तोच व्हिडिओ चालवला तर पाच मिनिटांत तुमच्या डोळ्याला सवय लागेल. आपला डोळा तयार करणं हे या धंद्यातलं भांडवलच आहे. सराफ कसोटीच्या दगडावर घासून बघायला शिकतो, तसंच.

एवढं सगळं करायला एका मॉडेलला अर्धा तास लागतो. दहा मॉडेल ठेवणार असाल तर पाच तास. दुकान उघडण्याआधी एक दिवस काढा.

आता गिऱ्हाईकाशी बोलणं

एचडीआरचं नाव काढण्याआधी विचारा, "दादा, घरी काय बघता?" किंवा "ताई, टीव्हीवर जास्त काय चालतं?" उत्तर 'केबलवर मालिका आणि बातम्या' असेल तर विषय तिथेच संपला. केबल आणि बहुतेक डीटीएच चॅनेल साध्या रेंजमध्येच येतात. त्या माणसाला एचडीआरच्या नावाने पाच हजार जास्तीचे लावणं म्हणजे ज्याच्या गावाला डांबरी रस्ता नाही त्याला रेसिंगची गाडी विकणं. त्याला साध्या चित्रात चांगला दिसणारा, आवाज खणखणीत असलेला, सर्व्हिस सेंटर जवळ असलेला टीव्ही द्या.

पण घरात नेटफ्लिक्स, प्राइम असेल, मुलगा गेम खेळत असेल, तर पुढचं विचारा. नेटफ्लिक्सवर एचडीआर बघायला प्रीमियम प्लॅन लागतो आणि फोर-केसाठी कंपनी स्वतः १५ एमबीपीएसचा वेग सांगते. घरी तेवढं नेट आहे का? खोलीत दिवसा ऊन येतं का? खान्देशातल्या घरात समोरची खोली आणि सताड उघडं दार, हे धरूनच चाला. अशा खोलीत कमी निटचा एचडीआर म्हणजे बापूंची गोष्ट पुन्हा घडणार.

मी आता नवीन दुकानदारांना सांगतो की किमतीच्या पाटीवर स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहा. तपासणीत कमी पडला त्या टीव्हीवर "एचडीआर सिग्नल चालतो, चित्रात फार फरक नाही". मधल्यावर "अंधाऱ्या खोलीत फरक दिसतो". आणि खऱ्यावर "खरा एचडीआर, दुकानात दाखवू". एका मुलाने मला विचारलं, सर, अशी पाटी लावली तर स्वस्तातला माल विकला जाईल का? जाईल. स्वस्त टीव्ही घेणारा स्वस्त म्हणूनच घेतो. पण तीच पाटी वाचून पैसे असलेला माणूस महागड्याकडे वळतो, कारण तुम्ही स्वतःच्याच मालाला नावं ठेवलीत हे त्याने बघितलेलं असतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे मोठा पडदा आधीपेक्षा जास्त लोकांच्या आवाक्यात आलाय. म्हणजे दुकानात एचडीआरबद्दल विचारणारेही वाढणार.

आकड्यांत बघायचं तर एक उदाहरण घेऊ. ३० हजारांचा टीव्ही, तुम्हाला सुटतात ५ टक्के, म्हणजे दीड हजार. टीव्ही परत आला तर हे दीड हजार गेलेच. वर छोटा हत्ती जायचा-यायचा सहाशे, आणि उघडलेला डबा अडीच हजार कमी करून काढला. खिशातून गेले तीन हजार शंभर. म्हणजे एका चुकीच्या "हो"साठी पुढचे दोन टीव्ही फुकट विकायचे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब याच पद्धतीने मांडून बघा.

कायद्याचं पण ऐकून ठेवा

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूचा दर्जा, प्रत किंवा प्रमाण याबद्दल खोटं सांगणं ही त्यात 'अनुचित व्यापार प्रथा' आहे, आणि ते सांगणं तोंडी असलं तरी धरलं जातं. बिल न देणं हेही त्यातच येतं. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. गिऱ्हाईक स्वतः राहतं त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला फी नाही. म्हणजे शिरपूरच्या माणसाने तुमच्या जळगावच्या दुकानातून टीव्ही नेला तर तारखेला तुम्हाला धुळ्याला जावं लागेल. शटर बंद करून.

याचा अर्थ घाबरून गप्प बसा असा नाही. जेवढं माहीत आहे तेवढं बोला आणि लिहून द्या. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर टाका. "एचडीआर टीव्ही" असं मोघम लिहू नका. कंपनीच्या माहितीपत्रकात एचडीआर१० असेल तर एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन असेल तर तेच. निटचा आकडा कंपनीने छापला नसेल तर तुम्ही मनाने सांगू नका.

घरी बसवायला गेल्यावर

कधी कधी टीव्ही खरंच चांगला असतो आणि तरी एचडीआर दिसत नाही, कारण जोडणी चुकलेली असते. बाहेरून फायर स्टिक, गेमचा बॉक्स किंवा फोर-के सेटटॉप बॉक्स लावला असेल तर एचडीएमआय पोर्ट बघा. बऱ्याच टीव्हीत सगळे पोर्ट सारखे नसतात आणि मूळ सेटिंगमध्ये पोर्टची पूर्ण क्षमता बंदही असू शकते. एलजीमध्ये ते 'अल्ट्रा एचडी डीप कलर' नावाने सापडतं, सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ते त्या पोर्टसाठी चालू करा. केबल जुनी असेल तर चित्र मध्येच जातं किंवा ठिणग्यांसारखे ठिपके येतात. तेव्हा 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली केबल लावून बघा.

बसवणाऱ्या मुलाला एवढं शिकवा: पोर्टचं सेटिंग, होम मोड, आणि एचडीआर सुरू झाल्यावर चित्राचा मोड वेगळा सेट करावा लागतो हे. साध्या चित्रासाठी केलेलं सेटिंग एचडीआरला लागू होत नाही, टीव्ही दोन्ही वेगळं जपून ठेवतो. घरच्यांच्या समोर एकदा केबल आणि एकदा एचडीआर व्हिडिओ लावून दाखवायचा, आणि रिमोट त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी हातात द्यायचा. ज्या खोलीत, ज्या वेळी ते टीव्ही बघणार आहेत, शक्यतो त्याच वेळी. दुपारी बसवलात आणि ते रात्री बघणार असतील तर रात्री नऊला एक फोन करा, "काका, चित्र बरोबर दिसतंय ना?"

धुळ्याच्या त्या मित्राने मागच्या आठवड्यात डीलरला सात मॉडेलचे पूर्ण नंबर पाठवून निट आणि लोकल डिमिंग लेखी विचारलं. चार मॉडेलचं उत्तर आलं. उरलेल्या तिघांवर डीलर म्हणाला, "भाऊ, एवढं कोणी विचारत नाही." त्या तीन मॉडेलच्या पाटीवर त्याने "एचडीआर सिग्नल चालतो" एवढंच लिहायचं ठरवलंय.